बिरुयाकर काका

प्रत्येक मंडळीत एक बिरुयाकर असतोच. हे आडनाव नगरकडचं नाही, जालन्याकडचंही नाही. ते आम्ही दिलेलं आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात बिरुया गावचे लोक येतात. पौलासारखा पौल येऊन उपदेश करून गेला, तरी हा म्हणतो ते खरंच आहे का, हे ते रोज शास्त्र उघडून पडताळायचे. आमच्या काकांचं हे आवडतं गाव. स्वतः ते मुलुंडहून फार तर नगरपर्यंत जातात, पण तुम्ही कुठल्या पंथाचे असं कुणी विचारलं की सांगतात, "आपण बिरुयाचे." झालं, बारसं झालं.

यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. त्यांची नोकरीच तशी. वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते. वाण्याच्या दुकानात शिरायचं, एक किलोचं लोखंडी माप उचलायचं आणि आधी उलटं करून बघायचं. कारण शिसं भरलेली खोबण खाली असते, शिक्काही तिथेच असतो आणि लबाडीही. निवृत्त झाल्यावर वाणी सुटले आणि उपदेशक सापडले. उपदेश कितीही रंगू दे, काका तो मनातल्या मनात उलटा करून खोबण बघत असतात. बाहेर पडताना निकाल ठरलेला: "आज वजनात भरला," किंवा "शंभर ग्रॅम कमी होता."

आमची भक्ती एका शाळेच्या हॉलमध्ये होते. डावीकडून तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची काकांची. मांडीवर चेनवालं कव्हर घातलेलं पवित्र शास्त्र, शेजारच्या खुर्चीवर पंडिता रमाबाईंनी केलेलं भाषांतर, ते ताडून बघायला. रमाबाई 1922 साली गेल्या, त्यांचं ते काम 1924 साली छापून झालं, ही माहिती शेजारी बसणाऱ्या प्रत्येकाला मिळते. सहसा म्हणूनच शेजारची खुर्ची रमाबाईंना मिळते. हातात चार रंगांचं बॉलपेन. काळा रंग सूचनांसाठी, निळा मुद्द्यांसाठी, हिरवा चांगल्या मुद्द्यांसाठी आणि लाल सावधान राहण्यासाठी. रंग बदलला की पेन 'टिक्' वाजतं. आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, सेमिनरीतून चांगले मार्क घेऊन आलेले, आवाज खणखणीत. पण ते 'टिक्' ऐकू आलं की त्यांची नजर तिसऱ्या रांगेकडे जाते आणि वाक्य अर्ध्यावर राहतं. एकदा मला म्हणाले, "रंग कुठला होता ते दिसलं का हो तुम्हाला?" हिरवा होता. त्यांना तो आठवडा चांगला गेला.

भक्तीनंतर चहा-खारी असते आणि तिथे काकांचं लाडकं वाक्य येतं: "पाळकसाहेब, प्रेमाने सांगतो हं." मंडळीतल्या जुन्या माणसांना या वाक्याचा अर्थ ठाऊक असल्यामुळे ती कप घेऊन जिन्याकडे सरकतात. दुसरं वाक्य, "संदर्भ काय?" तिसरं, "आधीचं वचन वाचा, नंतरचं वाचा, मग बोला." आणि प्रेमाने सांगूनही समोरच्याला कळलं नाही, तर काका डोळे मिटून हात जोडतात. "हे प्रभू, तुझ्या सेवकाने आज रोमकरांसचा जो अर्थ लावला, त्याबद्दल त्याला समज दे." सेवक समोरच उभा असतो. त्यालाही आमेन म्हणावं लागतं. प्रभूला उद्देशून लिहिलेल्या पत्राची प्रत संबंधितांना पाठवण्याची ही युक्ती काकांनी शोधलेली नाही. आमच्या प्रार्थनासभांत ती फार जुनी आहे. काकांनी तिला शिस्त लावली एवढंच.

पूर्वी त्यांचं कार्यक्षेत्र मध्य रेल्वेपुरतं होतं: मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर. 2014 साली घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली आणि अंधेरी टप्प्यात आली. तिथून लोकलने बोरिवली. रविवारी सकाळी आपली मंडळी, संध्याकाळी दुसऱ्याची. उपनगरांत मंडळ्यांना तोटा नाही. एकाच शाळेत तळमजल्यावर एक, पहिल्या मजल्यावर तिच्यातून फुटलेली दुसरी, आणि फळ्यावर शुक्रवारचा लसावि तसाच. जिन्यात दोन्ही मंडळ्या एकमेकांना 'जय ख्रिस्त' म्हणतात आणि आपापल्या मजल्यावर जाऊन एकीसाठी प्रार्थना करतात. काका दोन्हीकडे बसून येतात. घाटकोपरची एक मंडळी त्यांनी ड्रमसेटवरून सोडली. भांडुपची सोडली, कारण तिथल्या भावांनी दशांशाचा हिशोब पगारवाढीशी जोडला. अंधेरीत तेल लावलेले रुमाल वाटत होते. काकांनी रुमाल घेतला, घाम पुसला आणि परत आले.

तारखा सांगणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. 21 मे 2011 ला प्रभू येणार, असं अमेरिकेतल्या एका रेडिओ उपदेशकाने जाहीर केलं होतं, आणि ती भीती एसएमएसवरून मुलुंडपर्यंत पोचली. तो दिवस, ती घटका कुणालाच ठाऊक नाही, असं येशूनेच सांगितलेलं असताना हे वेळापत्रक आलं कुठून, म्हणून काका आठवडाभर धुमसत होते. शनिवार उजाडला तसे ते सोसायटीच्या ऑफिसात गेले आणि वर्षभराचा मेंटेनन्स आगाऊ भरून आले. साक्ष म्हणून. सेक्रेटरी शहाभाईंना साक्ष कळली नाही. पावती मात्र त्यांनी ताबडतोब फाडली.

काकूंशिवाय हे चित्र पुरं होत नाही. काकूंचं माहेर मेथडिस्ट. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. काकांचे वडील त्या दिवशी तिथे होते. काकूंकडचे मेथडिस्टही येणार येणार म्हणत होते, पण अगदी शेवटी मागे राहिले. यावर काकू म्हणतात, "नागपुरात जे जमलं नाही ते आमच्या थोरल्यांनी भायखळ्याला जमवलं, आणि मी अजून निभावतेय." त्या एकत्र आलेल्यांत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे होते, आणि कळत्या वयाशिवाय नको म्हणणारे बाप्टिस्टही होते. तेव्हा दोन्ही रीती मान्य करून टाकल्या. काका याला तडजोड म्हणतात. स्वतःच्या नातवाच्या वेळी त्यांनी तीन रविवार लाल रंगात टिपणं काढली. चौथ्या रविवारी बाळाला घेऊन पुढे उभे राहिले आणि सगळ्यांत मोठ्यांदा रडले. नाताळची तारीख शास्त्रात नाही, हेही ते दर डिसेंबरला सांगतात, तोंडात तिसरी करंजी असताना. घरी वाद घालायला कुणी आलं की काकूंचा एकच नियम: "आधी चहा घ्या, मग पाखंड काढा."

आता एक गोष्ट मला त्यांच्याबद्दल कायम खुपत आली आहे. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली रेव्हरंड टिळकांची गीतं काकांइतकी जीव ओतून कुणी गात नाही. याच टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. त्या काळच्या कितीजणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील! मी काकांना विचारलं, "आज टिळक आपल्या शाळेच्या जिन्यावर उभे राहिले आणि असं काही म्हणाले, तर?" काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बसवून घेतलं असतं. प्रश्न विचारले असते. पण गाणी आधी उतरवून घेतली असती."

फूट पाडणाऱ्यांपासून जपा, असं पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलं, हे काकांना पाठ आहे. तोच पौल करिंथच्या लोकांवर चिडला, कारण तिथे एकजण म्हणे मी पौलाचा, दुसरा म्हणे मी अपुल्लोसाचा. तेही पाठ आहे. पण पहिलं वचन ते दुसऱ्याला दाखवतात आणि दुसरं वचनही दुसऱ्यालाच दाखवतात. गेल्या पावसाळ्यात पाळकसाहेबांनी धूर्तपणा केला: काकांनाच संदेश द्यायला उभं केलं. पंधरा मिनिटं दिली होती, काकांनी पंचावन्न घेतली. शेवटी भरात येऊन म्हणाले, "कारण वचनात म्हटलंच आहे, प्रयत्नांती परमेश्वर!" संडे स्कूलच्या रांगेतून एका मुलीने हात वर केला. "काका, संदर्भ काय?" हॉलमध्ये कुणी हसलं नाही, हसू सगळ्यांनी उपासना संगीताच्या आड दाबलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. पुढच्या रविवारी ते परवानगी मागून उभे राहिले. "गेल्या वेळचा माझा संदेश वजनात कमी होता," एवढंच म्हणाले, आणि त्या मुलीला चार रंगांचं नवं पेन दिलं. आता हॉलमध्ये दोन 'टिक्' ऐकू येतात.

इतकं असून त्यांना कुणी जा म्हणत नाही, त्याला कारण आहे. आमच्यातल्या एक विधवा बाई, मधुमेहाच्या. एका मैदानावरच्या आरोग्यसभेत त्यांना सांगितलं गेलं की इन्शुलिन घेणं हा अविश्वास आहे. त्यांनी ते बंद केलं. आम्ही सगळे 'प्रार्थना करू' म्हणून मोकळे झालो, कारण कुणाच्या विश्वासात पडायचं कसं! काका दुपारच्या उन्हात भांडुपच्या टेकडीवरची त्यांची चाळ चढून गेले. तिथे त्यांनी वाद घातला नाही, पेन काढलं नाही. शेजारच्यांच्या फ्रिजमधून औषध आणलं, समोर ठेवलं आणि म्हणाले, "ताई, पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. पौलाने त्याला कधी घरी पाठवलं नाही." बाईंनी इंजेक्शन घेईपर्यंत ते उठले नाहीत. मग त्या सभेच्या आयोजकांकडे गेले. तिथे मात्र पेन काढलं.

ड्रमसेटला आणि इन्शुलिनला काका एकच लाल रंग वापरतात, ही त्यांची खोड. तो रंग कधी वापरायचाच नाही, ही आम्हा बाकीच्यांची. दोन्हींत मला काकांची परवडते. तुमच्या मंडळीत बिरुयाकर नसेल, तर आमचे काका रविवारी संध्याकाळी मोकळे असतात. गाडीभाडं देऊ नका, त्यांच्याकडे मेट्रोचं कार्ड आहे. फक्त चहा आधी द्या.