नापिकीचा सराव

शेतकऱ्याची एक खोड असते. आपलं किती गेलं, हे तो बांधावर उभा राहून नुसत्या डोळ्यांनी ठरवतो. अशा भावनाप्रधान माणसाच्या हाती हिशेब देणं बरं नव्हे, म्हणून सरकारने २०१६ साली प्रधानमंत्री पीक विमा योजना आणली आणि ही कटकट एका सूत्रावर सोपवली.

सूत्र मोठं समजूतदार आहे. महसूल मंडळाची गेली सात वर्षं घ्यायची, त्यातली चांगली पाच निवडून सरासरी काढायची आणि तिचे ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पादन. मंडळाचं पीक त्याच्याखाली जितके टक्के घसरेल, तितके टक्के विमा रक्कम मिळते. वरचे ३० टक्के गेले तर बोभाटा करायचा नसतो. संसारात एवढं चालायचंच.

खरी किमया मात्र दुष्काळी भागात पाहावी. समजा, एका मंडळात हेक्टरी १० क्विंटल सोयाबीन होतं. सातपैकी पाच वर्षं ते पाचावरच अडकलं. आता 'चांगली पाच' निवडायला बसलं की दोन दहाची आणि तीन पाचाची हाती लागतात. सरासरी ७, उंबरठा ४ क्विंटल ९० किलो. यंदा पुन्हा पाचच झाले? अहो, मग तुम्ही उंबरठ्याच्या चांगले दहा किलो वर आहात! भरपाई शून्य. आधीच्या त्या पाच वर्षांत थोडंफार मिळालंही असेल, पण माणसाने किती दिवस नवशिक्यासारखं बुडायचं?

प्रत्यक्ष उत्पादन ठरतं ते मुख्यतः मंडळातल्या मोजक्या प्लॉटांवरच्या पीक कापणी प्रयोगांवरून. तुमच्या वावरात ओढा घुसला आणि प्रयोगाचे प्लॉट उंचावरच्या शेतांत निघाले, तर कागदोपत्री तुमचंही पिकलं. शेजाऱ्याच्या सुखात सुख मानण्याची ही सोय इतर कुठल्या विम्यात आहे? पूर्वी एकट्याच्या शेतात पाणी शिरलं तर ७२ तासांत कळवायची धावपळ असे. २०२५च्या खरिपात राज्याने ती तरतूदच काढून ती दगदगही वाचवली.

सरकारी मदतीचं खातं वेगळं. तिथे अतिवृष्टी म्हणवून घ्यायला मंडळाच्या पर्जन्यमापकात एका दिवसात ६५ मिलिमीटरहून जास्त पडावं लागतं. ६४ला तो नुसता पाऊस.

तेव्हा येत्या हंगामात बुडायचंच असेल, तर आधी मंडळातल्या सगळ्यांशी बोलून घ्या.