चकलीचे तुकडे पाडण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

गणपती विसर्जन झाले की मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "तुझ्या हातच्या चकल्या ऑनलाइन विकल्या ना, तर तुफान खपतील!" हे बोलणारा मनुष्य त्या वेळी चकली खात असतो आणि ती फुकट खात असतो. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली तर पुढचे मार्गदर्शन वाचायची गरज नाही. पण ती कोणी घेत नाही, म्हणून हे लिहावे लागत आहे. प्रस्तुत लेखकाने डोंबिवलीच्या एका स्वयंपाकघरातून, पत्नीच्या मनगटाच्या जोरावर, दोन दिवाळ्या ऑनलाइन फराळ विकला. हा धंदा कसा बुडवावा यावर अधिकारवाणीने बोलण्याइतका तोटा त्याच्या पदरी जमा आहे.

आरंभ नावापासून करावा. मालाचे नंतर बघता येते. नाव ठरवायला किमान तीन रविवार द्यावेत आणि सल्ला विचारताना एकही नातेवाईक सोडू नये. आमच्याकडे आत्याला संस्कृत नाव हवे होते, मेहुण्याला इंग्रजी, आणि सासरेबुवांना त्यांच्या आईचे. तिन्ही जोडून जे तयार झाले ते फोनवर सांगायला पाऊण मिनिट लागे. नावात 'ळ' असेल तर उत्तमच. रोमन लिपीत 'ळ' कसा लिहावा यावर आपल्यात अजून एकमत नाही, त्यामुळे ग्राहक ज्या स्पेलिंगने शोधतो ते स्पेलिंग आपले नसते. बोधचिन्हात नथ हवीच. मराठी खाद्यपदार्थाला नथ नसेल तर तो मराठी आहे हे लोकांना कळायचे कसे? व्हिजिटिंग कार्डे हजार छापावीत, कारण हजारात एकेक कार्ड स्वस्त पडते. त्यांच्या पाठीवर आम्ही अजून वाण्याची यादी लिहितो.

संकेतस्थळ जितके जड करता येईल तितके करावे. उघडताच सनई वाजावी, पणत्या तेवाव्यात, आणि चकली स्वतःभोवती फिरावी. या बाबतीत आपल्यापुढे थोर आदर्श आहे. लंडनच्या बू डॉट कॉम या कपड्यांच्या दुकानाने १९९९ साली इतके देखणे संकेतस्थळ काढले की तेव्हाच्या टेलिफोनच्या तारेवरून ते उघडता उघडत नसे. गुंतवणूकदारांचे साडेतेरा कोटी डॉलर संपवून मे २००० मध्ये ते मिटले. आपले बजेट चौदा हजारांचे असले तरी ध्येय तेवढेच उंच ठेवावे. भाच्याने आमच्यासाठी सनई बसवली. ती बंद करायचे बटण मात्र त्याला सापडले नाही.

किंमत कधीही उघड लिहू नये. फोटोखाली 'किमतीसाठी इनबॉक्स करा' एवढेच असावे. चकलीचा भाव चारचौघांत विचारायला लाजणारे गिऱ्हाईक याने परस्पर गळते. जे उरते ते रात्री अकरा वाजता विचारते, आणि आपण सकाळी उत्तर देतो तोवर त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो आणलेली असते.

आता हिशेब. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण धंदा बुडवण्याची खरी कला इथेच पणाला लागते. भाजणी, तेल, तीळ, तिखट, पिशवी आणि लेबल धरून किलोमागे आमचा खर्च २३० रुपये आला. विक्री ४०० ला. म्हणजे किलोला १७० रुपये नफा! मी हा आकडा वहीत लाल शाईने लिहून त्याभोवती चौकट काढली. पत्नीने विचारले, "गॅस?" मी म्हटले, तो घरात असतोच. "आणि मी सोऱ्या फिरवते त्याचे?" मी म्हटले, तू पण घरात असतेसच. या वाक्यानंतर घरात जे झाले ते व्यवसाय-मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेरचे आहे. मात्र नवउद्योजकाने हे सूत्र पक्के धरावे : घरच्या बाईचा वेळ हिशेबात धरायचा नसतो. तो धरला की नफा नाहीसा होतो आणि उत्साहावर पाणी पडते. दोन माणसांचे तीन तास, फेकलेले तळणीचे तेल, 'जरा चव बघू' म्हणून गेलेला अर्धा किलो, ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीचे शेकडा दोनच्या आसपासचे कमिशन, या किरकोळ गोष्टींकडे मोठ्या मनाने दुर्लक्ष करावे. अमेरिकेतल्या पेट्स डॉट कॉमने हेच मोठ्या प्रमाणावर केले. कुत्र्यामांजरांचे जड खाणे पडत्या भावात विकायचे आणि घरपोच पाठवायचे. फेब्रुवारी २००० मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले, नोव्हेंबरात कंपनीला टाळे लागले. जाहिरातीतला मोज्याचा कुत्रा मात्र लोकांना आजही आठवतो.

कुरियरचे शास्त्र त्याहून गहन. कुरियरवाला नुसते वजन बघत नाही, जागाही मोजतो. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करतात, बहुतेक ठिकाणी त्याला ५००० ने भागतात, आणि काट्यावरच्या वजनापेक्षा हे उत्तर मोठे आले तर त्यावर पैसे लावतात. आमचे खोके ३० बाय २५ बाय २० चे होते. उत्तर ३ किलो. आत चिवडा होता एक किलो. चिवडा हा पदार्थच असा की त्यात पोहे थोडे आणि हवा फार. ही हवा आम्ही डोंबिवलीहून नागपूर, बेळगाव, इंदूर अशा ठिकाणी स्वखर्चाने पोचवली. बेसनाचा लाडू मात्र गुणी. थोड्या जागेत बसतो, वजनाला प्रामाणिक असतो, आपटला तरी फार तर चपटा होतो. म्हणून नवउद्योजकाने लाडवाच्या वाटेला जाऊ नये, आणि जाहिरात चिवड्याचीच करावी.

चकलीचे तुकडे पाडण्यासाठी वेगळे कष्ट लागत नाहीत. घरी वाहवा मिळवणारी खुसखुशीत चकली घ्यावी, म्हणजे जिच्यात मोहन सढळ आहे आणि जी बोटांच्या चिमटीत विरघळते. ती पातळ पिशवीत भरावी, पिशवी मोठ्या खोक्यात मोकळी सोडावी, खोक्यावर 'नाजूक' असे मराठीत लिहावे. नगरच्या गिऱ्हाइकाने लिहिले, "भाजणी उत्तम आहे, आता चकल्या कधी पाठवता?" प्रवासाच्या चकलीला मोहन बेताने घालतात आणि ती थरांमध्ये कागद घालून कडक डब्यात गच्च बसवतात, हे आम्हाला कऱ्हाडच्या एका आजींनी सांगितले. पण तोवर आम्ही सत्तावीस खोकी रवाना केली होती. करंज्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो. ओल्या नारळाचे सारण घातले होते आणि पार्सलला पाच दिवस लागले.

पैसे माल पोचल्यावर घ्यावेत. फ्लिपकार्टने २०१० मध्ये ही सोय आणली आणि कार्डावर विश्वास नसलेला भारत ऑनलाइन खरेदीला लागला. त्यांना ते परवडले, म्हणून आपल्यालाही परवडेल असे समजावे. गिऱ्हाईक दारात "अहो, ह्यांनी दुसरीकडून मागवला" म्हणते, खोके परत निघते, आणि परतीचे भाडेही आपल्याच नावावर पडते. आमचा एक डबा धनत्रयोदशीला पोचायचा होता, तो तुळशीच्या लग्नाला घरी परत आला. आम्ही त्याचे औक्षण केले नाही, एवढेच.

घाऊक ऑर्डरीने विशेष हुरळून जावे. "मी सैन्यात अधिकारी आहे, जवानांसाठी वीस किलो फराळ हवा, भाव काहीही चालेल," असा फोन येतो. मग क्यूआर कोड येतो : हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात जमा होतील. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. ही माहिती आमच्या मुलीला होती आणि तिने माझ्या हातातला फोन हिसकावून घेतला. व्यवसाय बुडवण्याच्या कामी घरात सुशिक्षित मुले असणे हा मोठा अडथळा आहे.

अन्नसुरक्षा नोंदणी वगैरे कटकटीत पडू नये. २०११ च्या नियमांनी छोट्या व्यवसायासाठी वर्षाला १०० रुपये फी ठरवली. मिळालेला चौदा आकडी क्रमांक लेबलावर छापायचा असतो. वजन, किंमत, बनवल्याची तारीख आणि हिरवा ठिपका हेही हवे. आमच्या लेबलावर नथ एवढी मोठी होती की बाकी कशाला जागा उरली नाही.

पहिल्या वर्षाच्या या अनुभवावर दुसऱ्या वर्षी, २०२५ मध्ये, आम्ही अमेरिका गाठायचे ठरवले. न्यू जर्सीचा मामेभाऊ म्हणाला, इथे लोक तुटून पडतील. ऑगस्टच्या २९ तारखेपासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी काढून घेतली, आणि त्या गोंधळात भारतीय टपाल खात्यालाही तिकडची पार्सले काही काळ थांबवावी लागली. आम्ही भाजणी दळून ठेवली होती, अकरा किलो. मामेभावाने व्हॉट्सॲपवर हात जोडलेली खूण पाठवली.

त्या भाजणीच्या चकल्या झाल्या, नेहमीसारख्याच खुसखुशीत, आणि निम्म्या डब्यात भरतानाच मोडल्या. संध्याकाळी शेजारच्या काकू स्टीलचा डबा घेऊन आल्या. "मोडक्या असतील तर द्या, आमच्या ह्यांना दात नाहीत, त्यांना त्याच बऱ्या." पत्नीने थोड्या कमी भावात दोन किलो दिल्या. काकूंनी रोख पैसे मोजले, डबा कमरेवर घेतला आणि जिन्याने वर गेल्या. खोके नाही, कुरियर नाही, कमिशन नाही. मी वही काढून बघितले, दोन वर्षांत नुकसान न झालेला तो एकमेव व्यवहार होता.

या वर्षी नागपंचमी उलटल्यापासून काकू जिन्यात भेटल्या की विचारतात, "मग, यंदा कधी मोडणार?"