व्हिएन्ना करार, मुक्काम पोस्ट जामनेर

आमच्या जामनेरने कापूस दिला, वांगी दिली, राजकारणी तर ठोक भावात दिले; पण निवृत्त होऊन गावी परतलेला राजदूत काही माझ्या पाहण्यात नाही. म्हणून तो मी कोल्हापूरकडून उसना घेतो. शिरोळ तालुक्यातल्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे 1983 साली परराष्ट्र सेवेत गेले, मालदीवला उच्चायुक्त झाले, न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत झाले आणि 2019 मध्ये निवृत्त झाले. गावात अनाथ मुलांसाठी ‘बालोद्यान’ उभं राहिलं ते त्यांच्याच प्रेरणेने. आत्मकथनाचं नाव ‘माती, पंख आणि आकाश’. त्यात माती पहिली! एरवी पंख फुटलेली माणसं मातीला ऋणनिर्देशात उरकतात, तेही प्रकाशकाच्या नंतर.

असाच एखादा साहेब जामनेरचा असता तर, म्हणून मी त्याला मनातल्या मनात गावी आणून पाहतो. येण्यापासूनच पंचाईत. पाचोऱ्याहून येणारी आमची छोटी ‘पीजे’ रेल्वे 2020 च्या टाळेबंदीत थांबली, तेव्हा राजदूत असो की कापूसवाला, एसटी गाठणं आलं.

घरी पोचल्यावर राजदूतांचे नियम ठरवणारा 1961 चा व्हिएन्ना करार आडवा येतो. कलम 22 म्हणतं, परवानगीशिवाय दूतावासात यजमान देशाच्या पोलिसानेही पाऊल टाकायचं नाही. जामनेरात शेजारच्या काकू थेट चुलीपाशी येतात, पातेल्यावरचं झाकण उचलतात आणि ‘तिखट कमी दिसतं’ असा शेरा मारून जातात. कलम 27 नुसार दूतावासाची टपालाची पिशवी कोणी उघडायची नाही. इथे साहेबांची बॅग ओट्यावर टेकायच्या आत पोरांनी चॉकलेटं वाटूनही घेतलेली. कलम 41 सांगतं, यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात पडू नका. साहेब बिचारे हे पाळायला जातात, तर चुलतभाऊ रुसतो: ‘एवढा शिकला, अन् बांधाच्या भांडनात तोंड उघडत नाही!’

नकोसा दूत मायदेशी परत धाडायची सोय करारात आहे. भाऊबंदांना धाडणार कुठे? ते मायदेशातच असतात.

मग हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी. पऱ्हाट्यांवर वांगी भाजली जाताहेत, कळण्याच्या भाकरी थापल्या जाताहेत. राजशिष्टाचारात कोणी कुठे बसायचं याचे भारी नियम. मळ्यात नियम एकच: आधी येईल तो धूर चुकवून बसेल. साहेब जन्माची सवय म्हणून ठरल्या वेळी येतात, पण ठरली वेळ फक्त त्यांनाच माहीत. वांग्यांची राखण करणारा एक पोरगा सोडला तर दोन तास कोणीच नसतं. पुढे मंडळी जमते, ‘साहेब, तुम्ही इकडे बसा’ असा आग्रह होतो आणि सरकवत सरकवत साहेब बरोबर धुरात.

डोळे पुसत ते अखेर बांधाचा तोडगा सुचवतात: सरकारी मोजणी आणा, दोघांनीही मान्य करा. चुलतभाऊ माना डोलावतात. एक म्हातारे बाबा मात्र पुढे सरकून विचारतात, ‘भाऊ, मोजनीवाल्याशी वळख हाये का तुमची?’

साहेब आठवून पाहतात. ‘न्यूयॉर्कला बरेच जण आहेत.’

‘न्यूयॉर्कचं राहू द्या. जामनेरात कोन हाये?’