सहाशे मिलिमीटरचा मेहुणा

आमच्या मेहुण्याला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लागला, तेव्हा घरात कुणी मनावर घेतलं नाही. नाद लेन्सवर आला तेव्हा मात्र बैठक बसली. ६०० मिलिमीटर एफ-४ ची लेन्स दहा लाखांच्या वर जाते हे ऐकून सासरेबुवांनी एवढंच विचारलं, "पक्षी त्यातच येतो का?" तोडगा असा निघाला: आधी भाड्याने आणा, जुन्नर-आंबेगाव फिरा, मग काय ते ठरवा. सोबत दाजी जातील. दाजी म्हणजे मी; माझं काम ओझं उचलण्याचं.

पठ्ठ्याने दोन लेन्स आणल्या. एक ती तीन किलोची ६०० एफ-४ आणि दुसरी दोन किलोची १५०-६०० झूम. तीन किलोवालीला पुढची सीट आणि पट्टा मिळाला. मी मागे, ट्रायपॉडशेजारी.

नारायणगावात चहाला थांबलो. टोमॅटोच्या बाजारासाठी आणि तमाशाच्या राहुट्यांसाठी गावाचं नाव आहे. आमच्या पेटाऱ्याकडे बघून चहावाल्याने अदबीने विचारलं, "कुठल्या फडाचं सामान म्हणायचं?" मेहुणा दुखावला. मला ते सामान तेवढं हलकं वाटत नव्हतं.

पुढे खोडदची दुर्बीण बघून तो आणखी खचला. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या! "दाजी, टेली म्हणजे ही," म्हणाला. अब्जावधी प्रकाशवर्षांवरून येणाऱ्या रेडिओलहरी टिपतं हे यंत्र. पण पलीकडच्या उसात बसलेला बिबट्या त्यालाही दिसत नाही.

कारण ऊस. दोन हात आतलं काही दिसत नाही, मग लेन्स ४०० ची असो की ८०० ची. तरी मेहुणा बांधावर ट्रायपॉड मांडायला लागलाच. गवत कापणाऱ्या मावशींनी विळा थांबवला. "वाघाचा फोटू? आरं बाबा, आमच्या गोठ्याशी येतो तो रातच्याला, भिंगाचं काय काम? जा घरी." इथली माणसं रात्री पाण्याची पाळी द्यायला जीव मुठीत घेऊन जातात, म्हणून तर दिवसा वीज मागतात. पकडलेले बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात ठेवले जातात. मावशींचं ऐकून आम्ही ट्रायपॉड मिटला, ही त्या प्रवासातली एकमेव शहाणपणाची गोष्ट.

पिंपळगाव जोगा धरणावर पोहोचेपर्यंत ऊन चढलं होतं. राखी बगळा पार पलीकडच्या काठाला. मेहुण्याने लेन्सला १.४ चा कन्व्हर्टर जोडला आणि ८४० मिलिमीटरने नेम धरला. फोटोत बगळा वाफाळत होता! तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते. भिंग जितकं लांबचं ओढून आणतं, तितकी ती थरथरही ओढून आणतं. दहा लाखांचं भिंग सकाळी साडेसहाच्या हवेपुढे काहीच नाही, आणि ती हवा भाड्याने मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी मंचर, घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकर. इथे खेळ उलटा. दाट जंगल, सकाळीही तिन्हीसांजेसारखा उजेड. झूम ६०० ला नेली की एफ-६.३ वर येते. एफ-४ त्याच्या जवळजवळ अडीचपट उजेड आत घेते. म्हणजे एकीत शटर १/५०० वर अडतं, तिथे दुसरीत १/१२५० मिळतं. शेंड्यावरून शेंड्यावर झेपावणाऱ्या शेकरूसाठी हा फरक फार मोठा. मेहुणा विजयी मुद्रेने माझ्याकडे बघू लागला. तेवढ्यात एक शेकरू अगदी जवळच्या फांदीवर उतरलं, जेमतेम सहा मीटरवर. तेवढ्या अंतरावर त्या लेन्सच्या चौकटीत आडवे ३६ सेंटीमीटर मावतात. तो मागे सरकला, आणखी सरकला, करवंदीच्या जाळीत बसला. फोटो आला तो नुसत्या शेपटीचा. झूम माझ्या खांद्यावर होती. २०० ला आणली असती तर अख्खं शेकरू फांदीसकट आलं असतं.

घरी मेहुण्याचा निर्णय अजून व्हायचाय, माझा झालाय. या दोन तालुक्यांसाठी १५०-६०० झूम भरपूर झाली. सोबत गाडीच्या खिडकीवर ठेवायला वाळूची पिशवी आणि पहाटेचा गजर. जंगलातल्या अंधारापुरती एफ-४ भाड्याने आणा. उसाकडे कुठलीच लेन्स रोखू नका. आणि तीन किलोची विकत घेणारच असाल, तर आधी आपल्या दाजींची पाठ कशी आहे ते विचारा.