मेनूकार्डावरच्या हिरव्या पानास अनावृत पत्र

श्रीमान हिरवे पान यांस,
मुक्काम मेनूकार्ड, फ्लोरिडातलं एक भलंमोठं मनोरंजन उद्यान.

सा. न. वि. वि.

आपण तांदळाच्या दाण्याएवढे, पण दरारा केवढा! ज्या पदार्थाच्या नावाशेजारी आपण उगवता, तो लोक डोळे झाकून मागवतात. रांगेत कुणी 'पथ्य आहे' एवढं पुटपुटलं, की काउंटरवरची मुलगी हसतमुखाने आपल्यावर बोट ठेवते. मधुमेह? पान. रक्तदाब? पान. आमच्या ह्यांच्या किडनीचा विषय निघाला तेव्हाही, अर्थातच, पान.

आपल्या शब्दाखातर आमच्या मुलाने काय मागवलं ते ऐका. काळ्या घेवड्याच्या टिक्कीचा बर्गर, आत ॲव्होकाडो आणि टोमॅटोच्या चकत्या, बाजूला रताळ्याचे तळलेले काप, आणि सोबत संत्र्याचा रस. पुण्याहून निघताना ह्यांच्या नेफ्रॉलॉजिस्टांनी टाळायच्या पदार्थांचा एक कागद दिला होता. घेवडा, टोमॅटो, रताळं, संत्रं. 'अमेरिकेला निघालात ना?' म्हणून शेवटी ॲव्होकाडो त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. तो कागद आपल्यापर्यंत कसा पोचला हे मला अजून कळलेलं नाही, पण आपण त्यातलं एकही नाव गाळलं नाहीत. एवढी निष्ठा आजकाल कुठे दिसते?

रागावू नका. आपल्याला किडनीचं शास्त्र कुणी शिकवलेलं नसणार. धडधाकट माणसाच्या दोन किडन्या दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळतात आणि जादा झालेलं पोटॅशियम, फॉस्फरस, मीठ मुकाट्याने बाहेर टाकतात. म्हणून तर तुमच्या बाकीच्या गिऱ्हाइकांना आपण सांगाल ते पचतं. ह्यांची किडनी तिसऱ्या टप्प्यावर आहे, आणि रक्तातलं पोटॅशियम वरच्या रेघेला टेकलेलं. ते आणखी चढलं तर हृदयाचा ठोका चुकू शकतो. कपभर संत्र्याच्या रसात साडेचारशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. तुमच्या उद्यानातला ग्लास कपभराचा नसतो, हेही आपण जाणताच.

तर आमच्या घरी आरोग्याचं जग उलटं चालतं. शहाळं नको, सफरचंद चालेल. पालक नको, कोबी चालेल. बटाटा खायचाच तर चिरून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी ओतून देऊन. आणि ज्याला हल्ली जो तो नाकं मुरडतो तो पांढरा भात आमचा जिवलग. त्या उद्यानात पांढरा भात मिळत होता, साधा, वाफाळता. त्याच्या नावाशेजारी आपण नव्हता. आपल्याला तो शोभत नसावा.

आता आपल्या शेजाऱ्याविषयी. त्याच रस्त्यावर, गाडीवर टर्कीची भाजलेली तंगडी विकतात. माणसं ती दोन्ही हातांनी धरून, आदिमानवासारखी खात हिंडतात. मिठाच्या पाण्यात मुरवून धुरावलेलं ते मांस बघताक्षणी ह्यांनी चार पावलं मागे घेतली. मला त्या तंगडीबद्दल आदरच वाटला. ती आरोग्याचा आव आणत नाही. तिच्या पलीकडच्या बरणीतली अख्खी काकडी, ते इथल्या लोकांचं लोणचं, तीही तशीच सरळमार्गी. मोठी काकडी एकटीच हजार मिलिग्रॅम सोडियमच्या घरात जाते. जागतिक आरोग्य संघटना धट्ट्याकट्ट्या माणसालाही दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे पाच ग्रॅम मीठ, जेमतेम एक चमचा. दोन काकड्यांत दिवस संपला! पण काकडीने कधी 'मला खा, तब्येत सुधारेल' असं म्हटलेलं नाही. ते आपण म्हणता. तुमच्या बिनमांसाच्या टिक्कीत, पाव आणि सॉस धरायच्या आधीच, साडेतीनशे-चारशे मिलिग्रॅम सोडियम असणं सर्रास आहे.

आणि फॉस्फरस! त्याचं नाव काढलं की मुलगा म्हणतो, 'आई, तू आता केमिस्ट्री नको काढू.' पण काढावीच लागते. डाळीकडधान्यातला फॉस्फरस शरीर पुरता उचलत नाही, बराचसा वाया जातो. प्रक्रिया केलेल्या मांसात, चीजमध्ये, काळ्या कोलामध्ये जो फॉस्फेट वरून घातलेला असतो, तो मात्र जवळजवळ सगळाच रक्तात उतरतो. अमेरिकेत कोंबडीचे तुकडेसुद्धा रसरशीत दिसावेत म्हणून मीठ-फॉस्फेटचं पाणी टोचून विकायला ठेवतात. पाकिटावरच्या तक्त्यात सोडियम छापणं सक्तीचं आहे, २०१६च्या नियमानंतर पोटॅशियमही आलं, फॉस्फरसची सक्ती नाही. तेव्हा घटकांच्या बारीक अक्षरांत कुठे 'फॉस' दिसतंय का, ते चष्मा लावून शोधायचं. पाकीट असलं तर. तुमच्या थाळीला पाकीटच नसतं.

ह्या देशात खाण्याची काळजी घेत नाहीत असं मी म्हणणार नाही. ॲलर्जी म्हणताच तुमचा मुख्य आचारी टोपी सावरत स्वतः टेबलापाशी आला. कायद्यात ९ पदार्थ आहेत, दुधापासून शेंगदाण्यापर्यंत. तीळ नववा, २०२३पासून. बिचाऱ्याने नवाच्या नवांबद्दल विचारलं. 'किडनी' म्हटल्यावर त्याने जाड वही चाळली, मग पुन्हा चाळली, आणि शेवटी आपल्यालाच पुढे केलं. कॅलरीचंही तसंच. एकाच नावाच्या वीस किंवा जास्त शाखा असल्या तर २०१८पासून मेनूवर कॅलरी छापाव्या लागतात, सोडियमचा आकडा मात्र गिऱ्हाइकाने मागितला तरच लेखी द्यायचा. ज्या उपाहारगृहाची शाखा जगात एकच, ते ह्यातून सुटलं. थीम पार्कातली उपाहारगृहं बहुधा जगात एकेकच असतात. त्यालाच तर थीम म्हणतात!

सूपवाल्यापाशी 'लो सोडियम' लिहिलेलं होतं, आणि वर आपण. मी डबा मागून उलटा करून वाचला. मीठ कमी केलं होतं आणि चवीसाठी पोटॅशियम क्लोराइड घातलं होतं. म्हणजे पुढच्या दाराने पाहुणा गेला आणि मागच्या दाराने त्याचा थोरला भाऊ आत आला. ह्या एका बाबतीत मी गमतीने बोलत नाही. पोटॅशियम चढलेल्या माणसाने असलं 'पर्यायी मीठ' डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडाला लावू नये.

आम्ही जेवलो कुठे, हे विचाराल तर लहान मुलांच्या मेनूत. भाजलेल्या कोंबडीचा छोटासा तुकडा, भात, द्राक्षं. प्रथिनं बेताची, मीठ बेताचं, फळ पथ्याचं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, 'मुलाचं वय?' मुलगा म्हणाला, 'अडुसष्ट.' कार्टून छापलेल्या ताटात ह्यांनी सॉसची पुडी बाजूला सारून निमूट जेवण केलं. नातीला आजोबांचं ताट स्वतःच्या ताटापेक्षा जास्त रंगीत वाटलं, त्यावरून थोडं रडणं झालं.

पण म्हणून लहान मुलांचा मेनू म्हणजे किडनीचा मेनू, असं उद्या छापू नका. डायलिसिसवरच्या माणसाला प्रथिनं कमी नव्हे, जास्त लागतात. त्याला पाणी मात्र मोजून. फ्लोरिडाच्या उन्हात, खारट खाऊन, मोजून पाणी प्यायचं म्हणजे काय ते आपल्याला नाही कळणार, आपल्याला घाम येत नाही. ह्यांना उलट डॉक्टरांनी बजावलंय की कोरडं पडू नका. दोघांचा आजार एक, पथ्यं दोन. एकाच पानाखाली दोघांना कसं बसवणार आहात?

दुसऱ्या खेपेला मी डबाच केला. पोळी, कोबीची भाजी, भात. आमच्याकडे भारतात बऱ्याच उद्यानांच्या फाटकावर 'बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई' असा फलक असतो आणि रखवालदार पिशवीतला चिवडा वासाने ओळखतो, म्हणून मी उत्तरं पाठ करून गेले होते. इथल्या रखवालदाराने झाकण उघडून पाहिलं, काच नाही ना एवढं विचारलं आणि जा म्हणाला. मुलाने आधी चौकशी केली होती म्हणून हे जमलं. प्रत्येक उद्यानाचा नियम निराळा, आणि काही ठिकाणी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली की काम होतं.

संध्याकाळी ह्यांचे गुडघे बोलायला लागले. शेजारच्या दुकानात आयबुप्रोफेनच्या गोळ्या टोप्यांच्या शेजारीच ठेवलेल्या. मुलगा घ्यायला निघालाच होता. अख्ख्या दिवसात तंगडी, काकडी, सूप या सगळ्यांना चुकवून शेवटी ह्या गोळीने गाठलं असतं. नाजूक किडनीला ती जाता जाता चांगलाच दणका देते. आम्ही बाकावर बसलो, पाय वर घेतले, आतषबाजी तिथूनच पाहिली.

पानांशी आमचं काही वैर नाही. लग्नाकार्यात आम्हीही केळीच्या पानावर जेवतो. तिथे मीठ सगळ्यांत आधी वाढतात, पण एका कोपऱ्यात, चिमूटभर, वेगळं. घ्यायचं की नाही, किती घ्यायचं, ते जेवणाऱ्याच्या हातात. आमचं स्वयंपाकघर धुतल्या तांदळासारखं आहे असंही नाही: पापडातला खार, शेंगदाण्याचं कूट, लोणची, ह्यांनी ते सगळं सोडलंय आणि सोडताना चिडचिडही केलीय. पण काय सोडलं हे त्यांना माहीत आहे. तुमच्याकडे मीठ आधीच आत शिरलेलं असतं आणि आपण दारावर उभं राहून सगळं क्षेम आहे म्हणून सांगता.

मागणं मोठं नाही. आपण नोकरी सोडावी असं मी म्हणत नाही, रंगही छान आहे. फक्त आपल्या खाली तीन आकडे लिहून घ्या: सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस. मग ज्याचा त्याने आपापला कागद काढून ताळा करावा. आणि तो पांढरा भात विकतात ना, त्याच्याशीही एकदा ओळख करून घ्या.

कळावे, लोभ असावा.

आपली,
डबा वाहणारी एक आजी

ता. क. : उत्तर पाठवाल तेव्हा आकडे मिलिग्रॅममध्ये हवेत. 'चवीपुरतं' चालणार नाही.