सच्चा कार्यकर्ता

पक्ष असो, नाटक मंडळी असो की भजनी मंडळ, एक माणूस तिथे हमखास सापडतो. सभेआधी सतरंज्या तोच घालतो, राडा झालाच तर पहिली वीट त्याच्याच टाळक्यात बसते आणि निकालाच्या दिवशी हार भलत्याच गळ्यात पडतो. त्यावर त्याची तक्रार नसते. टाके पडलेल्या डोक्यानिशी तो दुसऱ्या दिवशी कार्यालयात हजर असतो. या जातीचा सर्वांत मोठा नमुना जपानच्या तोहो कंपनीच्या राक्षसपटांत आहे. त्याची लांबी १०० मीटर, उंची ६० मीटर आणि वजन ३०,००० टन. नाव अँगिरस. ज्याच्यासाठी तो राबतो त्या नेत्याचं नाव गॉडझिला, आणि नेता त्या काळी होता ५० मीटर उंच नि २०,००० टन वजनाचा. म्हणजे अंगापिंडाने कार्यकर्ताच भारी. पण पोस्टरवर कोण मोठा दिसावा हे काही वजनकाट्यावर ठरत नाही.

अनेक निष्ठावंतांसारखा अँगिरसही मुळात विरोधी गटातला. गॉडझिलाचा पहिला चित्रपट ३ नोव्हेंबर १९५४ ला आला आणि गर्दी बघून कंपनीने सहा महिन्यांच्या आत, २४ एप्रिल १९५५ ला, दुसरा आणला. मोतोयोशी ओदा यांच्या या चित्रपटात अँगिरसने पदार्पण केलं. गॉडझिलाच्या अंगावर पडद्यावर दुसरा राक्षस धावून जाण्याची ही पहिलीच वेळ. दोघांनी ओसाका शहराची धूळधाण केली, तिथला ऐतिहासिक किल्ला जमीनदोस्त केला, मग गॉडझिलाने त्याचा गळा दातांत धरून त्याला खंदकात फेकलं आणि वरून जाळलं. गॉडझिलाच्या हातून पडद्यावर मेलेल्या राक्षसांच्या लांबलचक यादीत पहिलं नाव याचं आहे. पुढे १९५९ मध्ये हा चित्रपट अमेरिकेत गेला, तेव्हा तिकडच्यांनी गॉडझिलाचंच नाव बदलून ‘जायगँटिस’ करून टाकलं. नेत्याची ही गत, मग कार्यकर्त्याला कोण पुसतो!

त्या मारामारीचं चित्रीकरणही या नात्याला शोभेसं झालं. गॉडझिलाच्या पोशाखात हारुओ नाकाजिमा, अँगिरसच्या पोशाखात कात्सुमी तेझुका. गॉडझिला दोन पायांचा, त्यामुळे नाकाजिमा ताठ उभे. अँगिरस चार पायांचा, आणि माणसाचे पाय काही चतुष्पादासारखे दुमडत नाहीत. तेव्हा पोशाखातल्या माणसाने हात टेकायचे, गुडघ्यांवर रांगायचं, आणि गुडघ्यांपुढचा पाय मागे फरफटत न्यायचा. जाडजूड रबराच्या त्या गाठोड्यात, वर तापलेले दिवे असताना, छोट्या-छोट्या इमारतींमधून रांगत जाऊन उभ्या माणसावर झेप घ्यायची. एकदा एका कॅमेऱ्याचा वेग चुकून कमी राहिला आणि झटापट पडद्यावर भलतीच भरभर दिसू लागली, असं सांगतात. विशेष दृश्यांचे प्रमुख एइजी त्सुबुराया यांना ती चूक इतकी आवडली की ती तशीच ठेवली गेली. नेता उभा, कार्यकर्ता गुडघ्यांवर, आणि वरून म्हणायचं, ‘जरा लवकर आटप!’

चित्रपटातले शास्त्रज्ञ या प्राण्याची ओळख करून देतात ती ऐकण्यासारखी आहे. त्यांच्या मते हा अँकिलोसॉरसच्या कुळातला, मांसाहारी, महाआक्रमक, आणि याचा मेंदू डोक्याखेरीज छाती-पोटातही पसरलेला, म्हणून हालचाली चपळ. कार्यकर्त्याचं याहून नेमकं वर्णन कठीण. तो विचार डोक्याने कमी आणि छातीने जास्त करतो. खऱ्या अँकिलोसॉरसने मात्र यातल्या प्रत्येक शब्दावर हरकत घेतली असती.

हा मूळ पुरुष म्हणजे ६ ते ८ मीटर लांबीचा, बुटक्या पायांचा, रुंद पोटाचा गृहस्थ. साधारण ६ कोटी ८० लाख ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत त्याचा मुक्काम होता. आहार शुद्ध शाकाहारी. मेंदू एकच, तोही देहाच्या मानाने अगदी बेताचा. पाठीवर कातडीतच तयार झालेल्या हाडांच्या तबकड्या, आणि त्याच्या भाऊबंदांपैकी युओप्लोसेफॅलसला तर पापण्यासुद्धा हाडाच्या. अशा माणसाला कुणी मोर्चात बोलावलं तर तो खिडकी लावून घेईल. या गोतावळ्यातल्या बोरिआलोपेल्टाचा अवशेष २०११ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टाच्या एका खाणीत सापडला. तो इतका शाबूत होता की ११ कोटी वर्षांपूर्वीचं शेवटचं जेवणही पोटात मिळालं. पानात वाढलेले होते मुख्यतः नेचे. गुरगुरण्याचंही तेच. मंगोलियातल्या पिनाकोसॉरसच्या स्वरयंत्राची हाडं तपासून २०२३ मध्ये जपानी आणि अमेरिकी संशोधकांनी असं सुचवलं, की तो पक्ष्यांसारखे आवाज काढत असावा. तोहोच्या ध्वनिमुद्रकाने अँगिरसच्या गळ्यात घातलेल्या कर्कश घोषणा या घराण्याच्या नव्हेत.

अँकिलोसॉरसचं बारसं १९०८ मध्ये बार्नम ब्राउन यांनी केलं. न्यूयॉर्कच्या संग्रहालयासाठी हाडं जमवणारे हे ब्राउन रानात खोदकामालाही फरचा कोट घालून जात, आणि त्यांचं नाव सर्कसवाले पी. टी. बार्नम यांच्यावरून ठेवलेलं. टायरॅनोसॉरसची हाडंही त्यांनीच शोधलेली. म्हणजे गुंड आणि त्याच्या शेजारचा सज्जन, दोघांचा शोधकर्ता एकच. पहिल्या सांगाड्यात शेपटीचं टोक नव्हतं. ते १९१० मध्ये अल्बर्टात मिळालं आणि सज्जनाच्या हातातली काठी दिसली. शेपटीच्या टोकाला हाडांचा भरीव गोळा, आणि मागचे मणके एकमेकांत घट्ट बसून झालेला त्याचा दांडा. अशा मोठ्या गोळ्याचा फटका हाड मोडू शकतो, असं गणित पुढे संशोधक व्हिक्टोरिया आर्बर यांनी मांडलं.

गंमत अशी, की १९५५ साली हा सोटा जगाला ठाऊक होऊन ४५ वर्षं झाली होती, आणि तरीही अँगिरसला तो मिळाला नाही. त्याला लांब काटेरी शेपटी दिली, पाठीवर काट्यांचं रान उगवलं, नाकावर शिंग बसवलं; घराण्याचं एकमेव खात्रीचं हत्यार तेवढं राहून गेलं. गॉडझिलाच्या तोंडातून आग निघते, घिडोरा नावाच्या राक्षसाच्या तीन तोंडांतून वीज. अँगिरसच्या तोंडात फक्त दात. हत्यार न देता पुढे पाठवलेल्या कार्यकर्त्याने करायचं काय? त्याने चिलखतच हत्यार म्हणून वापरलं. तो शत्रूकडे पाठ करतो आणि उलटी उडी मारून आपले काटे त्याच्या अंगात घुसवतो.

खरे अँकिलोसॉरस तरी ती काठी कुणावर चालवत होते? उत्तर फार ओळखीचं निघालं. मोंटानात २०१४ मध्ये सापडलेल्या त्यांच्या कुळातल्या एका नमुन्याला २०१७ मध्ये ‘झूल’ हे नाव मिळालं, ‘घोस्टबस्टर्स’ या १९८४ च्या चित्रपटातल्या राक्षसावरून. जातिनामाचा अर्थ ‘नडग्या फोडणारा’. २०२२ मध्ये आर्बर आणि सहकाऱ्यांनी त्याच्या कुशीवरचे काटे तपासले. त्यातले काही तुटून पुन्हा भरून आलेले होते, आणि जखमा होत्या कमरेच्या आसपास, दोन्ही बाजूंना. टायरॅनोसॉरसच्या कुळातला कुणी चावला असता तर खुणा वेगळ्या नि भलतीकडे दिसल्या असत्या. या बसल्या होत्या बरोबर तिथे, जिथे स्वतःच्याच जातीतल्या दुसऱ्याची शेपटी पोचते. थोडक्यात, भाऊबंदकी. बांधावरच्या भांडणात जमेल तसं बाहेरच्या गुंडावरही हात साफ करून घेतला असेल, पण काठीला तेल लावलं जात होतं ते चुलतभावासाठी.

अँगिरसने हा घरगुती मार्ग सोडला आणि तो पक्षकार्यात गेला. १९६८ मध्ये इशिरो होंडांच्या ‘डिस्ट्रॉय ऑल मॉन्स्टर्स’मध्ये तो परत आला, तोच की दुसरा याची चौकशी न करता, आणि आला तो थेट गॉडझिलाच्या गटात. फुजी पर्वताच्या पायथ्याशी सगळे राक्षस तीनतोंड्या किंग घिडोरावर तुटून पडतात, तेव्हा अँगिरस त्याच्या एका मानेत दात रुतवतो. घिडोरा उडतो. अँगिरस मान सोडत नाही. बऱ्याच उंचीवरून खाली आपटतो, धुळीतून वर येतो आणि पुन्हा भिडायला जातो.

१९७२ च्या गॉडझिला विरुद्ध गिगान या चित्रपटात तर संबंध कागदोपत्री स्पष्ट झाला. तिथे गॉडझिला आणि अँगिरस एकमेकांशी बोलतात. जपानी आवृत्तीत त्यांच्या तोंडांतून चित्रकथेतल्यासारखे फुगे निघतात. गॉडझिलाला कुठे तरी गडबड वाटते. तो अँगिरसला सांगतो, जाऊन बघून ये. अँगिरस समुद्र पोहून जपानला जातो, किनाऱ्यावर लष्कराचा मारा खातो आणि परततो. मग खरी लढाई ठरल्यावर पुन्हा तेवढंच पोहतो. पुढच्या वर्षीच्या चित्रपटात त्याचं एकूण काम म्हणजे भूकंपात जमिनीला भेग पडली की तीत पडणं.

१९७४ मध्ये मात्र त्याने डोकं वापरलं. छातीचं असो वा पोटाचं. फुजीतून गॉडझिला बाहेर येतो, धुमाकूळ घालतो, आणि साऱ्या जपानला तो खराच वाटतो. अँगिरसला वाटत नाही. तो भिडतो, आणि झटापटीत खऱ्यासारख्या कातडीचा तुकडा निघून खालचा चकचकीत धातू दिसतो. हा यंत्राचा तोतया, मेकागॉडझिला. तोतया ओळखल्याचं बक्षीस म्हणून अँगिरसचा जबडा मोडतो. रक्ताळलेल्या तोंडाने तो जमीन उकरून निघून जातो, आणि शेवटच्या विजयात त्याचं नाव नाही.

तोतये जीवाश्मांतही निघतात. जबलपूरच्या खडकांतून मिळालेल्या हाडांवरून १९२३ मध्ये चार्ल्स मॅटली यांनी भारतातल्या एका चिलखती डायनासोरची वर्णी लावली होती, नाव लॅमेटासॉरस. पुढे लक्षात आलं, की पाय आणि कंबर एका मांसाहाऱ्याची आहे नि पाठीवरच्या तबकड्या बहुधा लांब मानेच्या सॉरोपॉडच्या. उसन्या चिलखतावर पद मिळालं होतं ते गेलं.

आणि मग अँगिरसचं तिकीट कापलं जातं. २००१ च्या गॉडझिलापटासाठी दिग्दर्शक शुसुके कानेको यांनी तीन रक्षक राक्षस ठरवले होते: बारागॉन, वारान आणि अँगिरस. कंपनीला अधिक खपाची नावं हवी होती. वारान आणि अँगिरस गेले. मोथ्रा आणि किंग घिडोरा आले. ज्याच्या मानेला लटकून तो एकदा आकाशातून पडला होता, त्यालाच त्याच्या जागी उमेदवारी मिळाली. वर तो घिडोरा या खेपेला जपानचा रक्षक म्हणून उभा होता.

२००४ च्या ‘फायनल वॉर्स’मध्ये रयुहेइ कितामुरांनी त्याला बोलावलं, पण परग्रहवासीयांनी मेंदू ताब्यात घेतलेला, म्हणजे पक्षांतर सक्तीचं. तिथे तो अंगाचा चेंडू करतो. सह्याद्रीतलं खवले मांजर हे करतं. ताठ पाठीच्या आणि पसरट पोटाच्या अँकिलोसॉरसला ते जन्मात जमलं नसतं. बरं, केला चेंडू, तर किंग सीझर या दुसऱ्या राक्षसाने काय करावं? लाथ घातली. फुटबॉलसारखा अँगिरस गॉडझिलाच्या दिशेने सुटतो, गॉडझिला अंग चोरतो आणि शेवटी सगळ्यांना एकावर एक रचून, न मारता, पुढच्या कामाला जातो.

हॉलिवूडच्या २०१४ नंतरच्या गॉडझिलापटांत मोथ्रा, रोडान, घिडोरा आणि मेकागॉडझिला असे सगळे एकेक करून आत गेले. अँगिरसचं नाव यादीत लागलं नाही. जपानच्या ‘गॉडझिला सिंग्युलर पॉइंट’ या २०२१ च्या अॅनिमेशन मालिकेत मात्र त्याला काम मिळालं, आणि सोबत एक नवी शक्तीही: पुढे काय घडणार हे त्याला आधीच कळतं, त्यामुळे झाडलेल्या गोळ्या तो परतवून लावतो. तरी त्या मालिकेतही तो रस्त्यावर उतरतो आणि मारला जातो.