पलीकडच्या टोकाचे सर

पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले मेकॅनिक्सचे सर बहुतेक प्रत्येक सोसायटीत असतात. तुम्ही जिन्यात कठड्याला टेकलात की ते विचारतात, "तुमचा भार कुठं उतरतोय?" "जमिनीत," असं सांगून सुटका होत नाही. खिशातून बॉलपेन निघतं, दुधाच्या बिलाची मागची बाजू सापडते आणि फ्री बॉडी डायग्राम सुरू होते.

"आधी आधार काढून टाका, त्याच्या जागी अभिक्रिया दाखवा. रोलरला एकच, पृष्ठभागाला काटकोनात. हिंजला दोन. भिंतीत गाडलेल्या टोकाला दोन बलं आणि वर एक मोमेंट. तो विसरलात की गॅलरी पडली!" ही गॅलरी दर बॅचला एकदा पडत आली आहे.

केटी लागलेली पोरं त्यांच्याकडे येतात. त्यांना मंत्र मिळतो तो असा : "समीकरणं तीन, अज्ञातं तीन. मोमेंट घ्यायचा तो आधाराभोवती. ज्या बलाच्या रेषेवर आपण उभे, त्याचा मोमेंट शून्य. नको असलेलं अज्ञात आपोआप गळतं."

हा मंत्र सर स्वतःही पाळतात. गणपतीची वर्गणी मागायला निघालं की ते पावतीपुस्तक धरणाऱ्याला खेटून चालतात. बल आहे, अंतर शून्य!

सोसायटीची पाण्याची मोटर दुरुस्तीला न्यायची असली, तर मात्र सर आपण होऊन पुढे येतात. मोटर 60 किलोची, बांबू 3 मीटरचा. दुसऱ्या टोकाला वॉचमन. दोरी सर स्वतः बांधतात, आपल्यापासून 2 मीटरवर. "माझ्याभोवती मोमेंट घ्या. 60 गुणिले 2, भागिले 3. तुमच्याकडे 40, माझ्याकडे 20. बेरीज 60, म्हणजे समतोल झाला." बांबूचं वजन धरलेलं नाही, हेही ते प्रामाणिकपणे सांगतात.

वॉचमन मान डोलावतो. फाटकापाशी खांदा बदलायच्या निमित्तानं तो बांबू खाली टेकवतो, दोरी 1 मीटर सरांच्या बाजूला सरकवतो आणि अदबीनं म्हणतो, "उचला, सर."

सर उचलतात. ओझं 40 किलोच आहे, याचा ताळा त्यांना कागदाशिवाय लागतो.